दिवसा लावायचा दिवा आणि धुक्यानंतर विझवायचा दिवा

भर दुपारी दुचाकीचा हेडलाईट चालू दिसला की समोरून येणारा अनोळखी माणूस हाताची बोटं उघडमीट करून खूण करतो. "अहो, लाईट चालू आहे!" बॅटरी वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्याला सांगायचं, हा आपल्या रस्त्यांवरचा जुना रिवाज. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींना असा हेडलाईट सक्तीचा झाला की जो इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. बंद करायचं बटणच नाही. म्हणजे काल जी 'चूक' होती, ती आज नियम झाली. दिवा तोच. त्याचा अर्थ मात्र उलटा झाला.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना वाटतं की इतिहास म्हणजे जुनी कागदपत्रं आणि मोठ्या घटना. या लेखात मी गाडीचा दिवा हा विषय घेतोय, कारण त्यात तीन पायऱ्या स्वच्छ दिसतात. आधी रिवाज, मग कायदा, मग यंत्र. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आकडे मांडून 'हे केलं तर जीव वाचतात' असा दावा केला आहे. तो दावा कसा तपासायचा, हाच आजचा खरा मुद्दा आहे.

दोन दिवे, दोन उलटे नियम

आधी दोन दिव्यांतला फरक समजून घेऊ. डे-टाइम रनिंग लाईट, म्हणजे डीआरएल, हा गाडीच्या पुढचा दिवा दिवसा जळतो. तो चालकाला रस्ता दाखवण्यासाठी नसतोच. तो इतरांना सांगतो, 'मी इथे आहे, आणि येतोय.' स्वीडिश भाषेत त्याला 'वार्सेलयूस' म्हणतात, म्हणजे इशारा देणारा उजेड. नावातच त्याचं काम आलं.

मागचा फॉग लाईटही इतरांसाठीच असतो. पण त्याचा नियम बरोबर उलटा आहे. डीआरएल सगळ्यांनी, नेहमी लावावा अशी अपेक्षा असते. मागचा फॉग लाईट मात्र गरज असेल तेव्हाच लावायचा आणि गरज संपली की लगेच विझवायचा. एकाचं मूल्य सातत्यात आहे, दुसऱ्याचं दुर्मिळतेत. हे डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं इथूनच निघतात.

जिथे सूर्य वर येतच नाही

दिवसा दिवा लावण्याची सक्ती उत्तर युरोपात आधी आली. फिनलंडने १९७२ मध्ये गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरती ती सुरू केली. स्वीडनने १ ऑक्टोबर १९७७ पासून वर्षभर, सगळ्या रस्त्यांवर सक्ती केली. नॉर्वे, आइसलंड, डेन्मार्क पुढच्या तेरा वर्षांत त्याच वाटेने गेले. कॅनडाने वेगळा मार्ग घेतला. चालकाला सांगण्याऐवजी १ डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांमध्येच तो दिवा बसवायला लावला.

उत्तरेतच का? नकाशा काढा. स्टॉकहोम साधारण ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर असतो. याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांच्या आसपास असतो. ७ अंशांवरचा सूर्य म्हणजे दिवसभर आपल्याकडची संध्याकाळ. लांब सावल्या, डोळ्यावर येणारी तिरीप, झाडांच्या काळ्या पार्श्वभूमीवर काळी गाडी. अशा उजेडात समोरची गाडी असते, पण दिसत नाही. दिसली तरी ती किती लांब आहे हे कळत नाही.

अजून एक तपशील संशोधनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कायदा येण्यापूर्वीच स्वीडनमधले सुमारे निम्मे चालक दिवसा दिवे लावत होते. म्हणजे रिवाज आधीच अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचला होता. कायद्याने तो जवळजवळ सगळ्यांपर्यंत नेला. त्यामुळे 'कायद्याआधी' आणि 'कायद्यानंतर' अशी तुलना करताना आधीचा काळ म्हणजे अंधार आणि नंतरचा काळ म्हणजे उजेड असं चित्र रंगवणं चूक आहे. तुलना निम्म्यांची आणि जवळजवळ सगळ्यांची आहे. कोणत्याही धोरणाचा परिणाम शोधताना पहिला प्रश्न हाच विचारा. धोरण यायच्या आधी लोक काय करत होते?

११ टक्के आले कुठून?

१९८१ मध्ये अँडरसन आणि निल्सन या स्वीडिश संशोधकांनी सक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन वर्षांची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा होता की दिवसा दोन किंवा जास्त वाहनांमध्ये होणारे अपघात सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा पुढे अनेक देशांच्या चर्चेत फिरला.

त्यांनी हे मोजलं कसं, ते बघा. नुसते अपघात मोजून भागत नाही. पेट्रोल महागलं की लोक कमी फिरतात, बर्फ जास्त पडला की अपघात बदलतात. म्हणून एक चलाख युक्ती वापरली जाते. डीआरएलचा परिणाम कुठे व्हायला हवा? दिवसा, आणि एकापेक्षा जास्त वाहनं असतील तिथे. एकटी गाडी झाडावर आदळली, तर तिच्या दिव्याने झाडाला काय फरक पडतो? रात्री तर सगळेच दिवे लावतात. म्हणजे दिवसाचे एकट्या गाडीचे अपघात आणि रात्रीचे सगळे अपघात हे तुलनेसाठी वापरता येतात. या चार रकान्यांचं मिळून एक गुणोत्तर काढायचं. संख्याशास्त्रात याला ऑड्स रेशो म्हणतात.

युक्ती सुंदर आहे. आता तिच्यातली फट बघू. पुढचे आकडे पूर्ण काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. वही घेऊन सोबत करा.

समजा सक्तीच्या आधी दिवसा वाहना-वाहनांचे १००० अपघात झाले आणि एकट्या गाडीचे ५००. रात्री दोन्ही ४००-४००. दिवसाचं प्रमाण १००० भागिले ५००, म्हणजे २. रात्रीचं प्रमाण १. गुणोत्तर २.

आता सक्तीनंतरचं वर्ष. वाहना-वाहनांचे अपघात तितकेच, १०००. रात्रीचे आकडेही तेच. पण दिवसा एकट्या गाडीचे अपघात काही वेगळ्याच कारणाने ६०० झाले. दिवसाचं प्रमाण आता १.६७. रात्रीचं १ च. गुणोत्तर २ वरून १.६७ वर आलं, म्हणजे सुमारे १७ टक्के घट.

थांबा आणि विचार करा. एकही टक्कर टळलेली नाही. वाढ झाली आहे ती झाडावर आदळणाऱ्या गाड्यांमध्ये. तरी आपल्या सूत्राने सांगितलं की दिव्यांमुळे १७ टक्के सुधारणा झाली!

१९९५ मध्ये थेवेस आणि रीमर्स्मा या डच संशोधकांनी स्वीडिश आकडे पुन्हा उघडून साधारण याच जातीचा आक्षेप घेतला. गुणोत्तराचा निकाल एकट्या गाडीच्या अपघातांमधल्या बदलावर फार अवलंबून आहे, त्यामुळे या आकड्यांतून दिव्यांचा परिणाम ठामपणे सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवे निरुपयोगी आहेत असं त्यांनी सिद्ध केलं का? नाही. 'पुरावा कमजोर आहे' आणि 'परिणाम नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत अनेक जण नेमके इथे घसरतात.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, नॉर्वेच्या रूने एल्विक यांनी १७ अभ्यास एकत्र करून मेटा-अ‍ॅनालिसिस केलं. त्यांच्या निकालात एक बारीक गोष्ट दडली आहे. जी गाडी दिवा लावते, तिचे दिवसाचे इतर वाहनांशी होणारे अपघात सुमारे १० ते १५ टक्क्यांनी कमी. पण संपूर्ण देशात सक्ती केल्यावर देशाच्या पातळीवरची घट ३ ते १२ टक्के.

हा फरक का असावा? एक सरळ कारण असं की सक्तीआधीच बरेच लोक दिवे लावत असतात, त्यामुळे सुधारायला जागा कमी उरते. दुसरं कारण जास्त अस्वस्थ करणारं आहे. गर्दीत एकट्यानेच भगवा फेटा बांधला तर तो उठून दिसतो. सगळ्यांनीच बांधला तर? माझ्या दिव्याचा काही फायदा 'मी इतरांपेक्षा जास्त दिसतो' यातून येत असेल, तर सगळ्यांनी दिवे लावल्यावर तेवढा फायदा विरघळून जाईल. एल्विक यांचे आकडे या दोन कारणांपैकी कोणतं खरं हे ठरवत नाहीत. पण प्रश्न नेमका करून देतात. चांगलं संशोधन अनेकदा एवढंच करतं, आणि तेवढं पुरेसं असतं.

ऑस्ट्रियाने दिवा विझवला

हा प्रश्न कागदावर राहिला नाही. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २००५ मध्ये दिवसा दिवे सक्तीचे केले आणि १ जानेवारी २००८ पासून ती सक्ती रद्द केली. जेमतेम दोन वर्षं. फायदा स्पष्ट दिसत नाही हा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा असा की नजर दिव्यांकडे ओढली जाते आणि ज्यांच्याकडे दिवा नाही त्यांच्यावरून, म्हणजे पायी चालणाऱ्यांवरून, लहान मुलांवरून घसरते. युरोपातल्या मोटरसायकलस्वारांच्या संघटनांचाही विरोध होता. त्यांचा हिशेब साधा. आजवर दिवसा दिवा म्हणजे दुचाकी, अशी खूण होती. गाड्यांच्या दिव्यांच्या माळेत आमचा एक दिवा कोण ओळखणार?

गंमत म्हणजे त्याच २००८ साली युरोपीय संघाने उलट दिशेने पाऊल टाकलं. फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या कार आणि लहान मालवाहू गाड्यांना, आणि ऑगस्ट २०१२ पासून ट्रक-बसला, डीआरएल बसवणं निर्देशाने बंधनकारक झालं. आणि अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने, तेही २००८ मध्येच, स्वतःच्या अभ्यासात म्हटलं की एकूण पाहता डीआरएलचा सांख्यिकीदृष्ट्या ठोस परिणाम दिसत नाही. अमेरिकेत १९९३ पासून त्याला परवानगी आहे, जनरल मोटर्सने १९९५ च्या मॉडेलपासून ते बसवायला सुरुवात केली, पण सक्ती झाली नाही.

एकच दिवा, एकच दशक, तीन निर्णय. कोण बरोबर? असा प्रश्न विचारला की तुम्ही न्यायाधीश होता. संशोधकाचा प्रश्न वेगळा असतो. अक्षांश वेगळा, दुचाकींचं प्रमाण वेगळं, आधीचा रिवाज वेगळा. मग परिणाम एकच असेल असं आपण गृहीत तरी का धरलं? १९९७ मध्ये नेदरलँड्सच्या रस्ता सुरक्षा संस्थेतल्या कोर्नस्ट्रा आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं, की जसजसं उत्तरेकडे जावं तसा दिव्याचा फायदा वाढत जातो. म्हणजे स्वीडनचा आकडा उचलून ४७ अंशांवर सूर्य असलेल्या शहराला लावता येत नाही.

धुक्यातला शिष्टाचार

आता दुसऱ्या दिव्याकडे वळू. युरोपीय मानकांनुसार साधा मागचा दिवा पुढच्या बाजूच्या चालकाला नव्हे, मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून किमान ४ कँडेला तेजाचा असतो. ब्रेकचा दिवा किमान ६०. मागचा फॉग लाईट किमान १५०, कमाल ३००. म्हणजे फॉग लाईट ब्रेकच्या दिव्यापेक्षाही प्रखर असू शकतो. दाट धुक्यात हाच त्याचा उपयोग. पण स्वच्छ हवेत तोच दिवा मागच्याच्या डोळ्यात खुपतो, आणि वर ब्रेक लागलाय की नाही हेही झाकतो. म्हणूनच मानकात हा दिवा ब्रेकच्या दिव्यापासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त लांब हवा अशी अट आहे.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून रस्त्यावर आलेल्या नव्या गाड्यांना मागचा फॉग लाईट बंधनकारक आहे. तिथला हायवे कोड सांगतो की दृश्यता गंभीररीत्या कमी झाली असेल, साधारण १०० मीटरपेक्षा कमी, तरच फॉग लाईट वापरा आणि हवा सुधारली की बंद करा. जर्मनीत मर्यादा आणखी कडक आहे. मागचा फॉग लाईट दृश्यता ५० मीटरपेक्षा कमी असेल तेव्हाच, आणि तेव्हा वेगमर्यादाही ताशी ५० किलोमीटर.

चालत्या गाडीत ५० मीटर मोजायचे कसे? जर्मन रस्त्यांच्या कडेला दिशादर्शक खांब साधारण ५० मीटर अंतराने रोवलेले असतात. पुढचा खांब दिसत नाही, तर दिवा लावा. रस्त्यानेच चालकाच्या हातात मोजपट्टी दिली. जिथे असे खांब नाहीत, तिथे '५० मीटर' हा आकडा कायद्यात लिहिला तरी तो अंदाजच राहतो. कायदा वाचताना त्याच्या आजूबाजूची वस्तू बघायला विसरू नका, हा धडा इथला.

धुक्याबद्दल एक जोडी आवर्जून सांगतो. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धुक्यात माणसाला स्वतःचा वेग कमी वाटतो, त्यामुळे तो नकळत गाडी जोरात हाणतो. हा निष्कर्ष फार गाजला. २०१२ मध्ये प्रेत्तो आणि सहकाऱ्यांनी 'ईलाइफ'मध्ये उलट निकाल मांडला. त्यांनी विचारलं, तुम्ही धुकं बनवलंत कसं? आधीच्या प्रयोगासारखं सगळं दृश्य सारखंच फिकट करायचं, की खऱ्या धुक्यासारखं जवळचं स्पष्ट आणि लांबचं अस्पष्ट ठेवायचं? दुसऱ्या प्रकारच्या धुक्यात लोकांना वेग जास्त वाटला आणि त्यांनी गाडी हळू केली. प्रयोगशाळेत धुकं कसं बनवलं, यावर निष्कर्षाची दिशाच फिरली. कोणताही पेपर वाचताना निष्कर्षाआधी 'पद्धती'चं प्रकरण वाचा असं मार्गदर्शक वारंवार सांगतात, ते उगाच नाही.

यंत्र आलं, तेव्हा काय सुटलं?

तिसरी पायरी यंत्राची. इथे ब्रिटनचं एक विसरलेलं प्रकरण बघा. शहरात रात्री नुसते छोटे पार्किंग दिवे लावून चालवायचं की डिप बीम लावून, यावर तिथे दोन तट होते. त्यावर तोडगा म्हणून १९८७ पासून नव्या गाड्यांना 'डिम-डिप' यंत्रणा सक्तीची झाली. छोटा दिवा लावून इंजिन सुरू केलं की हेडलाईट आपोआप मंद जळणार. १९८८ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की सामाईक निर्देशात नसलेली अशी अट ब्रिटन एकट्याने घालू शकत नाही. रिवाजाच्या भांडणावर यंत्राने दिलेलं उत्तर व्यापाराच्या कायद्याने परत घेतलं. दिव्याचा इतिहास फक्त डोळ्यांचा आणि अपघातांचा नसतो तो असा.

डीआरएल यंत्रात गेल्यावर त्याचे दोन अनपेक्षित परिणाम झाले. एक म्हणजे एलईडीच्या रेषांमुळे तो गाडीचा चेहरा बनला. 'मी इथे आहे' सांगणारा दिवा 'मी अमुक कंपनीची गाडी आहे' असंही सांगू लागला. दुसरा परिणाम धोक्याचा. अनेक गाड्यांत डीआरएल फक्त पुढे लागतो, मागचे दिवे लागत नाहीत. संध्याकाळी किंवा पावसात चालकाला समोर उजेड दिसतो, डॅशबोर्डही झगमगत असतो, म्हणून त्याला वाटतं दिवे चालू आहेत. मागून मात्र गाडी अंधारात. कॅनडात अशा गाड्यांना 'भुताटकीची गाडी' म्हणावं तसं नाव पडलं. शेवटी तिथे सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांसाठी नियम आला. डीआरएलसोबत मागचे दिवे लागले पाहिजेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा डॅशबोर्ड अंधारा राहिला पाहिजे, म्हणजे चालकाला आपलं आपण कळेल.

हा तिसरा पर्याय मला फार बोलका वाटतो. दिवा लावायची सवय यंत्राने काढून घेतली, आणि ती परत जागी करण्यासाठी पुन्हा थोडा अंधार मुद्दाम ठेवावा लागला.

तुमच्यासाठी काम

आपल्याकडे या विषयावर करण्यासारखं बरंच आहे. पावसाळ्यात खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरले की कितीतरी गाड्या चारही इंडिकेटर लुकलुकवत चालतात. भावना चांगली असते, 'मी दिसावा'. पण बहुतेक गाड्यांत त्यामुळे वळण्याचा इशारा देता येत नाही, आणि पुढची गाडी चालते आहे की बंद पडून उभी आहे हेही मागच्याला कळत नाही. हा रिवाज कुठून आला, ड्रायव्हर लोक त्याचं कारण काय सांगतात, फॉग लाईट असलेले चालकही हेच करतात का? एका पावसाळ्यात, सुरक्षित जागी उभं राहून, वही-पेन घेऊन मोजता येईल असा हा प्रश्न आहे.

तसंच २०१७ च्या दुचाकीच्या नियमाचं. त्याचा परिणाम कुणी मोजायला घेतला, तर वरची काल्पनिक आकडेमोड समोर ठेवा. तुलनेसाठी कोणते अपघात घेणार? ते त्या काळात स्थिर राहिले होते याची खात्री कशी करणार? १ एप्रिल २०१७ नंतर फक्त नव्या गाड्यांना नियम लागू आहे, जुन्या रस्त्यावर आहेतच. मग 'आधी' आणि 'नंतर' यांच्यामधली रेघ तुम्ही नेमकी कुठे ओढणार?

या तीन प्रश्नांची उत्तरं एका पानात लिहून बघा. लिहिता आली तर तुमच्या हातात संशोधन-आराखड्याचा कच्चा मसुदा आहे. नाही आली, तर आकडे गोळा करायला घराबाहेर पडण्याची वेळ अजून झालेली नाही.